रजिस्टरातले दोनशे बारा व्हॉल्व्ह

१२ जून

मामा,

गेल्या वेळी फोनवर आपण दोघं इतके ओरडलो की शेजारीण भांडण सोडवायला आली. पंप हाऊसनं तुझे कान खाल्ले त्याला तू तरी काय करणार. म्हणून आता पत्रच.

माझ्या गळ्यात एक नवीन काम पडलंय. साहेबांनी सोमवारी बोलावलं आणि म्हणाले, उलट्या प्रवाहाचा सगळा कार्यक्रम तुम्ही उभा करायचा. तुला सांगायला नकोच, पण ऑफिसात मला प्रत्येकाला सांगावं लागतं. मेन लाईनचा दाब अचानक पडला की लोकांच्या टाक्यांतलं, हौदांतलं, नको त्या पाईपमधलं पाणी उलटं ओढलं जातं आणि शेजाऱ्याच्या नळातून बाहेर येतं. ते थांबवायचं. कुठल्या जोडणीवर धोका जास्त, कुठे कमी याची यादी, मग तपासणी, मग नोटिसा, मग दरवर्षी चाचणी. एकूण अकराशे चाळीस जागा, आणि माणसं आम्ही तीन. मी, एक फिटर आणि एक जीप. जीपला मी माणसात धरलंय, कारण तिचे नखरे फिटरपेक्षा जास्त आहेत. फिटर ताडमाड उंच आहे, सगळे त्याला शिडी म्हणतात.

आणि घाई अशी की बावीस ऑगस्टला पंप हाऊसचा मोठा व्हॉल्व्ह बदलायचाय. आठ तास शटडाऊन. सगळी लाईन रिकामी होणार. इतक्या वर्षांत सगळ्या लाईनचा दाब एकदम कधी शून्यावर गेलाच नाही म्हणे, म्हणजे काय होईल ते कुणालाच माहीत नाही. मी पाणी पिताना हल्ली ग्लास उजेडात धरून बघते.

त्यातल्या त्यात एक आनंदाची गोष्ट. कपाटात तुझं जुनं रजिस्टर सापडलं. दोनशे बारा ठिकाणी एनआरव्ही बसवल्याची नोंद, तुझ्या त्या देखण्या अक्षरात. पाणी पुढे जाऊ देणारे, मागे येऊ न देणारे दोनशे बारा व्हॉल्व्ह, आयते. या जागा मी यादीत सगळ्यात शेवटी टाकल्यात. तेवढा भार हलका झाला.

सुरुवातीच्या पानांवर बाबांचीही सही आहे. आईला दाखवणार होते, धीर झाला नाही. त्यांच्या नोकरीचा विषय निघाला की ती अजून ताट आपटते.

तुझी भाची


२० जून

साहेबीणबाई,

पत्र पोचलं. एवढ्या मोठ्या कामावर तुला बसवलं म्हणजे तुझ्या साहेबाला माणसांची पारख आहे, किंवा मग दुसरं कुणी तयार झालं नाही. दुसरंच असणार.

मी बरा आहे. एकट्याचा संसार, चहा आणि वर्तमानपत्र. गुडघा बोलतो, कान ऐकत नाही, दोघांचं बरं जमलंय.

तुझ्या यादीबद्दल. रजिस्टरातल्या जागा शेवटी टाकू नकोस. आधी त्याच बघ. लोखंड काय, पितळ काय, पाणी दोघांना खातं. पंचवीस-तीस वर्षांत आतलं काय राहिलं असेल कुणी सांगावं. अक्षर चांगलं म्हणून व्हॉल्व्ह चांगला असं थोडंच असतं. आणि व्हॉल्व्हपेक्षा हवा बरी. नळाचं तोंड आणि हौदातलं पाणी यांच्यात वितभर मोकळी जागा ठेवायला लावलीस तर आकाश कोसळलं तरी उलटं जायचं नाही. लोक ऐकणार नाहीत, तरी सांगत राहा.

उन्हात टोपी घालत जा. बाकी काही विशेष नाही.

मामा


९ जुलै

मामा,

तुझा विनय पुरे. आयुष्यभर लाईनीवर काढलेला माणूस स्वतःच्या कामाला गंजलेलं म्हणतो, आणि आमच्याकडे पोरंटोरं एक नळ बदलून फोटो काढतात.

पण तुझं म्हणणं मी साहेबांपुढे मांडलं. ते म्हणाले, जिथे नोंद आहे तिथे वेळ घालवायचा आणि जिथे नोंदच नाही ती जागा उघडी ठेवायची, हा कुठला न्याय. त्यांचंही चूक नाही. त्यामुळे आम्ही बिननोंदीच्या जागांवर फिरतोय. गाड्या धुणारा एक जण म्हणाला, बाई, पाणी उलटं वाहायला लागलं तर मला कळवा, मी बघायला येतो. रोपवाटिकेत औषधाच्या पिंपात नळाची रबरी नळी तळापर्यंत बुडवलेली. मालकीणबाई म्हणाल्या, बाहेर ठेवली की शिंतोडे उडतात. मी त्यांना पिंपातलं औषध पेल्यात घालून पिणार का विचारलं. त्या रागावल्या, पण नळी वर बांधली.

रोज तीसेक जागा व्हायला हव्यात, होतात बारा-तेरा. झोपेतसुद्धा मी आकडे लावते.

आता मुख्य गोष्ट. शटडाऊनआधी मला एका कागदावर सही करायचीय, की चढावरच्या सगळ्या धोक्याच्या जागा सुरक्षित आहेत. त्यात सगळ्यात वरची जागा म्हणजे दवाखान्यांच्या चादरी धुणारी ती मोठी लाँड्री. तिथल्या हौदात काय काय असतं ते मी लिहीत नाही. आणि तिच्याच लाईनवर, उतारावर, प्रसूतिगृह आहे. लाँड्री तुझ्या रजिस्टरात आहे, पान एकोणीस, तुझी सही. त्या भरवशावर मी सही करतेय. करू ना?

तुझी भाची


१५ जुलै

लाँड्रीची सही करू नकोस. आधी व्हॉल्व्ह उघड. साहेबाला विचारू नकोस, शिडीला घेऊन जा. मीटरच्या खोक्यापासून तीन पावलं आत, भिंतीलगत, फरशीखाली आहे. चार बोल्ट. वरचं झाकण काढून फक्त आत बघ.

मामा


२३ जुलै

मामा,

उघडला. आत काही नव्हतं.

गंजलेलं, तुटलेलं असं काही नाही. फ्लॅपच नाही. मागे येणारं पाणी अडवणारा तो पितळी पडदा पिनेसकट काढून झाकण परत नीट बसवलेलं. शिडीनं आत बोट घालून आरपार फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तिथेच फरशीवर बसले. बाहेरून बघणाऱ्याला तो व्हॉल्व्ह. खरं तर साधा पाईप.

मग आम्ही रजिस्टरातले आणखी सहा उघडले. चार रिकामे. म्हणजे मी ज्या दोनशे बारांच्या जिवावर निवांत होते, त्यांतले किती खरे ते देव जाणे. शटडाऊनला तीस दिवस उरलेत.

स्टोअरमधल्या जुन्या बाबूंना विचारलं. ते चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, बाई, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का. लोकांची तक्रार यायची, व्हॉल्व्हमुळे वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, खडखड आवाज येतो. मग काही फिटर गुपचूप फ्लॅप काढायचे. मुलामा देण्याच्या कारखान्यातला असाच काढलेला होता. खाली लाईन फुटली, दाब पडला, टाकीतलं आम्ल शाळेच्या नळाला आलं, चौदा मुलं दवाखान्यात गेली. मुलं वाचली. आणि त्या व्हॉल्व्हला शेवटचा हात लावला होता तुमच्या वडिलांनी. त्यांना काढलं ते त्यासाठी.

मला एवढंच माहीत होतं की निष्काळजीपणा. निष्काळजीपणा म्हणजे हे, हे नव्हतं माहीत. चौदा मुलं, मामा. मी तेव्हा सहा वर्षांची होते, त्यांच्याच वयाची. दोन दिवस मला बाबांच्या फोटोकडे बघवत नाहीये. आईचं ताट आपटणं आज कळलं.

पण रडायला वेळ नाही. तुम्ही दोघं एका जीपमध्ये फिरायचा. त्यांनी कुठले कुठले काढले, तुला आठवत असेल. त्यांना वाचवायला म्हणून काही लपवू नकोस. मला यादी हवीय.

तुझी भाची


२८ जुलै

बाळ,

यादी सोबत जोडली आहे. एकसष्ट जागा, गल्लीनुसार. ती आधी शिडीच्या हातात दे, मग हे वाच.

त्या तुझ्या बाबांनी काढलेल्या नाहीत. सगळ्या मी काढल्या.

तक्रार आली की वरून विचारणा यायची, आणि माझ्या भागात तक्रार नाही याचा मला फार अभिमान होता. फ्लॅप काढला की वरच्या मजल्यावर पाणी चढायचं, आवाज थांबायचा, लोक दुवा द्यायचे. तुझ्या बाबांनी एकही काढला नाही. माझ्याशी भांडायचे. मी म्हणायचो, भावोजी, दाब कधी पडतो का, तुम्ही दुधानं तोंड पोळल्याशिवायच ताक फुंकताय.

मुलाम्याच्या कारखान्यात व्हॉल्व्ह गळतोय म्हणून त्यांना पाठवलं होतं. त्यांनी उघडला, आत फ्लॅप नाही. संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, उद्या बसव. मी म्हटलं, सोमवारी बसवतो. तो गुरुवार होता. शनिवारी दुपारी लाईन फुटली.

चौकशीत कामाचा कागद निघाला, त्यावर त्यांचं नाव. साहेबानं विचारलं, व्हॉल्व्ह तुम्ही उघडला होता का. ते हो म्हणाले. पुढे एक शब्द बोलले नाहीत. मी त्याच खोलीत भिंतीला टेकून उभा होतो. आठ दिवसांनी मला फोरमन करणार होते. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "हिला कळू देऊ नकोस. भावाशिवाय तिला माहेरचं कुणी नाही." आणि सायकल काढून गेले.

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. दुसऱ्या दिवशीही. ते जाईपर्यंत एकोणीस वर्षं मिळाली मला.

नंतर रविवारी गुपचूप जाऊन वीसेक फ्लॅप परत बसवले. मग फोरमनच्या कामात पान्हा हातातून सुटला. दुसऱ्या कुणाला बसवायला सांगायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. दाब पडला नाही, वर्षं गेली, आणि मला वाटायला लागलं की आता पडणारच नाही. तुझ्या पहिल्या पत्रात शटडाऊनचं वाचलं तेव्हापासून मला अन्न गेलेलं नाही. तरी तुला गंजाच्या गोष्टी सांगत बसलो. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय लागली ती लागलीच.

अहवालात माझं नाव लिही. पूर्ण लिही.

मामा


२ ऑगस्ट

तुमच्या यादीतले पहिले वीस उघडले. सतरा रिकामे. तीनमध्ये फ्लॅप जागेवर आहेत. उलट यादीत नसलेला दंतवैद्याचा व्हॉल्व्ह रिकामा निघाला. म्हणजे तुमच्या आठवणीवर विसंबता येत नाही. सगळेच्या सगळे दोनशे बारा उघडावे लागणार.

त्यातले निम्मे नव्या फरश्यांखाली, काँक्रीटखाली गेलेत. नकाशात नाहीत. कुठे खणायचं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. तेव्हा निघून या. ऑफिसच्या विश्रांतीच्या खोलीत सोय केली आहे. सकाळी सातला जीप निघते. कामाचं बोलू. दुसरं काही आत्ता माझ्याच्यानं बोलवणार नाही.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. घरी येऊ नका.


२४ ऑगस्ट

मामा,

काल निघताना मी फाटकापर्यंत आले नाही. येणार होते, पाय निघाला नाही.

हिशेब तुम्हाला कळायला हवा. दोनशे बारापैकी दोनशे नऊ उघडले. चौऱ्याहत्तर रिकामे होते, सगळ्यांत नवे बसवले. तीन सापडलेच नाहीत, तुम्हाला भोवळ आली ती त्यातल्याच एकाच्या खड्ड्याशी. ती तीन कनेक्शनं आम्ही रस्त्यावरूनच बंद केली आणि तिघा मालकांच्या शिव्या दिवसभर खाल्ल्या.

शटडाऊनला मी प्रसूतिगृहाच्या मागे दाबाचं घड्याळ लावून उभी होते. तुम्ही वर लाँड्रीत होतात, म्हणून खालचं तुम्हाला दिसलं नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी काटा शून्यावर आला आणि मग शून्याच्याही खाली गेला. लाईन पाणी ओढत होती. आत कुणाचं तरी बाळ रडत होतं. शिडीनं नंतर सांगितलं की तेव्हाच तुम्हाला लाँड्रीतल्या हौदात पाईप बुडालेला दिसला. तीनदा बजावूनही लाँड्रीवाल्यांनी ठेवलाच होता. तुम्ही नव्या व्हॉल्व्हवर तळहात ठेवून बसलात आणि दाब परत येईपर्यंत उठला नाहीत, असं तो म्हणाला.

आज सकाळी प्रयोगशाळेचा निकाल आला. अठरा नमुने, अठराही स्वच्छ.

अहवाल दिला. चौथ्या पानावर तुमचं नाव आहे, पूर्ण. बाबांच्या कागदांत दुरुस्ती व्हावी अशी मागणीही केली आहे. साहेब म्हणाले, गेलेल्या माणसाचं कशाला उकरता. मी म्हटलं, त्यांची मुलगी गेलेली नाही. यापुढे रजिस्टरात नोंद करायची तर दोघांनी आत डोळ्यांनी बघून सही करायची, हा नियमही त्यात घातलाय. साहेबांनी तो लगेच मान्य केला.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पण वीस दिवस तुम्ही त्या गुडघ्यांनिशी खड्ड्यांत उतरत होतात, तेही मी बघितलंय. दोन्हीचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

काल रात्री जेवण झाल्यावर तुमचं अठ्ठावीस जुलैचं पत्र आईच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं. मग दिवा बंद कर म्हणाली.

तुमची भाची


२७ ऑगस्ट

दादा,

वीस दिवस तू या गावात होतास आणि मला पत्ता नव्हता. बाजारात मी रस्ता खणलेला बघितला, ती जीप बघितली. खड्ड्यात तू असशील हे मनातही आलं नाही.

तुला मी काय बोलू. तू माझा मोठा भाऊ, तुझ्यापुढे कधी आवाज चढवला नाही. सगळा आवाज ह्यांच्यावर चढवला. एकोणीस वर्षं. शाळेची मुलं रस्त्यानं जाताना दिसली की मी ह्यांच्याकडे बघायची, आणि ते मान खाली घालून आत जायचे. तू यायचास, पाटावर बसायचास, मी तुला वाढता वाढता ह्यांच्या कागाळ्या सांगायची. तू ऐकून घ्यायचास. तेव्हा तुझे कान शाबूत होते.

ह्यांना काय माहीत होतं ते मला आता कळलं. तुला काय माहीत होतं तेही कळलं. मला एकटीलाच काही माहीत नव्हतं, आणि सगळ्यात जास्त मीच बोलले.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी औषध देत होते. गोळी हातातून पडली. ती उचलता उचलता मी म्हटलं, तुमच्या हातून आयुष्यात एक काम नीट झालं नाही. ते माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, लाजून हसले.

मुलगी म्हणते तू आजारी आहेस, झोपून आहेस. उठता येईल तेव्हा ये. घर बंद नाही. जेवायला वाढीन. पण ते शेवटचं वाक्य मी आता कुणाला सांगून परत घेऊ, ते मला माझ्यासमोर बसून सांग. कागदावर लिहून पाठवू नकोस.

धाकटी